कुलूपबंद कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि सध्या परक्या देशातल्या एका औषधांच्या दुकानात, खणात कुलूपबंद पडून आहे. सोबतीला एक गंजका चिमटा आणि वाळलेल्या डिंकाची बाटली. दोघंही चकार शब्द बोलत नाहीत.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते एका आईच्या औषधांच्या दुकानात. तिने माझ्या मुठीला मऊ चिंधी गुंडाळली होती. कुणाला चार गोळ्या हव्या असायच्या, कुणाला दोनच. आई पट्टी उचलायची आणि मी कचकन तुकडा पाडायचे. गोळीचं नाव आणि तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असायची, म्हणून आम्ही कापायचो दुसऱ्या टोकापासून. नाव दुकानात शाबूत राहायचं. "काय हात बसलाय!" लोक म्हणायचे, आणि मी हवेत असायचे.

आईची लेक औषधांचं शिक्षण घेत होती. ती प्रशिक्षणासाठी परदेशी निघाली तेव्हा आईने मला तिच्या बॅगेत कोंबलं. "असू दे गं, उपयोगाला येते." मोज्यात गुंडाळलेली मी विमानाच्या पोटात जीव मुठीत धरून पडले होते.

इथे पहिल्याच आठवड्यात घात झाला. एका बाईंना चार गोळ्या द्यायच्या होत्या. लेकीने सवयीने मला खिशातून काढलं आणि कच्! दुकानाच्या मुख्य बाईंनी तो तुकडा उचलून तिच्यासमोर धरला.

"यावर काय लिहिलंय, वाच."

काहीच नव्हतं.

"घरी गेल्यावर यांना त्रास झाला, तर डॉक्टरला दाखवणार काय?"

माझी रवानगी खणात झाली आणि लेकीची आतल्या काचेच्या खोलीत, बाटल्यांना लेबलं चिकटवायला. गिऱ्हाइकांशी बोलायला मिळालं नाही, तर तिचं प्रशिक्षण अपुरं धरणार होते. आईला ती फोनवर "मजेत आहे" म्हणायची आणि फोन ठेवला की नाक ओढायची. मी चडफडायचे. एवढंसं कापलं तर काय आभाळ कोसळलं?

मग एके दिवशी एक आजोबा डोकं धरून आले आणि काचेच्या खोलीच्या दाराशीच बसले. त्यांनी छोटी डबी उघडली. डबीत मावाव्यात म्हणून सुनेने सगळ्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या.

"पोरी, यातली रक्तदाबाची कुठली गं? सकाळपासून गरगरतंय."

लेकीने तुकडे उलटसुलट केले. एकावरही नाव नव्हतं; नावाची टोकं घरी खोक्यांतच राहिली असणार. दोन गोळ्या तर अगदी सारख्याच पांढऱ्या. आई असती तर बघताक्षणी सांगून मोकळी झाली असती. मी खणातून ओरडत होते, सांग, काहीतरी सांग, एवढ्याने सुटशील!

लेकीने डबी मिटली. मग म्हणाली, "आजोबा, मला ओळखता येत नाही, आणि अंदाजाने मी सांगणार नाही. आता एकही घेऊ नका. सुनेला खोकी घेऊन बोलवू या." आणि तिने मुख्य बाईंना हाक मारली.

सून धावत आली. दोन्ही पांढऱ्या गोळ्या रक्तदाबाच्याच निघाल्या. औषध एकच, कंपन्या दोन, आणि आजोबा दोन्ही घेत होते. मुख्य बाईंनी आजोबांचा रक्तदाब मोजला, तर तो पार खाली गेलेला. त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, म्हणून बचावले.

"उद्यापासून काउंटरवर तू उभी राहा," मुख्य बाई लेकीला म्हणाल्या.

ती घरी परतायच्या दिवशी माझा खण उघडला. वाटलं, सुटले! लेकीने मला उचललं, चिंधीवरून अंगठा फिरवला.

"ही हातात आली की माझा हात आपोआप चालतो, बाई," ती मुख्य बाईंना म्हणाली. डोळे पुसत तिने मला परत ठेवलं. कुलूपही तिनेच लावलं.

मित्रांनो, मला फार रडू आलं. राग तर अजून गेलेला नाही. तरी एक सांगते. कुणी पट्टी कापून दिली, तर गोळीचं नाव आणि तारीख लिहून मागा. आणि कधी या खणापाशी आलात, तर मला बाहेर काढा. मी दोरा कापेन, कागद कापेन, पतंगाची शेपटीसुद्धा कापेन. गोळ्यांना हात लावणार नाही. आईशपथ.