फिल्टरच्या पाण्यातली गोगलगाय

मित्रांनो, काचेच्या टाकीत कोपऱ्याला चिकटलेली, पाठीवरचा शंख झिजलेली म्हातारी गोगलगाय दिसली ना? तीच मी. माझ्या जातीवर एक म्हण आहे. ती तुम्हाला पाठ असेल, पण कृपा करून माझ्यासमोर म्हणू नका.

माझा जन्म माशांच्या दुकानातला. तिथल्या टाकीत साधं नळाचं पाणी असे, एक दिवस बादलीत ठेवून मग ओतलेलं. काचेवर शेवाळ, तळाशी कुजकी पानं. तुम्ही नाक मुरडाल, पण आमची ती मेजवानी होती. माझा शंख तिथे तपकिरी आणि टणक वाढला. पुढे एक बापलेक आले आणि मला नि माझ्या बहिणीला घरी घेऊन गेले.

बाप घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवायचा. आमची टाकीसुद्धा फिल्टरच्याच पाण्याने भरायची, हा त्याचा हट्ट. "आमच्याकडे गोगलगायीपण शुद्ध पाणी पितात," असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे वाहवा करायचे आणि मलाही उगीच मोठेपणा वाटायचा. लेकीला सगळे चिमणी म्हणत. ती शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आमच्याकडे यायची. बहिणीला अलगद तळहातावर घ्यायची आणि तिच्याशी गप्पा मारायची. माझ्या बहिणीलाही तिचा लळा लागला होता.

पण मित्रांनो, आमचा शंख चुन्याचा असतो. तो चुना आम्ही पाण्यातून आणि खाण्यातून मिळवतो. फिल्टरने पाण्यातला चुना पार काढून टाकला होता, आणि ते भुकेलं पाणी आमचेच शंख खाऊ लागलं. आधी रंग उडाला, मग शेंड्याला खड्डे पडले. फार भीती वाटायची, पण आम्हाला ओरडता कुठे येतं?

चिमणीच्या आईच्या ते लक्षात आलं. "अहो, यांचे शंख बघा, खडूसारखे पांढरे पडलेत. थोडं नळाचं पाणी घालून बघू या का?"

"नळाचं पाणी? माझ्या घरात?" बाप हसला. "अगं, त्याच पाण्याची भीती घालून मी लोकांना फिल्टर विकतो! पांढरे नाही पडले, स्वच्छ झालेत."

एका संध्याकाळी चिमणीने बहिणीला नेहमीसारखं उचललं. तिने जोर लावला नव्हता, मी समोरच होते. बहिणीचा शंख तिच्या बोटांत चुरला. चिमणी किंचाळली.

"किती जोरात धरलंस!" बाप ओरडला. "मुका जीव तो! मारलंस ना तिला?"

"मी हळूच धरलं होतं, बाबा..." एवढंच ती म्हणाली. बहीण दोन दिवस तळाशी पडून होती, मग गेली. मी खूप रडले असते, पण पाण्यात रडलेलं कुणाला दिसणार?

नवी गोगलगाय आणायला म्हणून बाप दुकानात गेला आणि गोगलगाय न घेताच परतला. दुकानदाराने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण त्याने गुपचूप टाकीतलं थोडं पाणी काढलं, बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी ओतलं आणि दुकानातून आणलेला समुद्रफेसाचा, म्हणजे चुन्याने भरलेल्या समुद्री कवचाचा, एक तुकडा आत सोडला.

"आज नळाचं पाणी कसं काय?" आईने विचारलं.

"सहज," तो म्हणाला. चिमणी तिथेच अभ्यास करत बसली होती. तिला तो काहीच बोलला नाही.

त्यानंतर रोज थोडं थोडं तेच पाणी येतं. शंखाची नवी कड आता घट्ट येते आहे, शेंडा मात्र गेला तो गेलाच. मित्रांनो, आम्हाला पाळायचं असेल तर आम्हाला काय लागतं ते आधी विचारा. तुम्हाला जे चांगलं वाटतं ते आमच्यावर लादू नका.

चिमणी अजून रोज येते, पण लांब उभी राहते, हात पाठीमागे घट्ट धरून. बाप ते बघतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. तुमची तिच्याशी कधी गाठ पडली तर माझा एवढा निरोप द्या: तुझ्या हातून काही झालं नाही, बाळा.