वाटेतल्या देवांपाशी न थांबलेली गाडी

मित्रांनो, आंधळगावात कैलाशच्या घरामागं गुरांचा गोठा आहे. तिथं धानाच्या तणसाच्या ढिगाशी ताडपत्री पांघरून एक लाल मोटारसायकल उभी असते. सीटवर कोंबड्या बसतात, हँडलला कधी कुणी ओलं पोतं वाळत घालतं. ती मोटारसायकल मीच. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. लोखंडाला गंज चढायचाच. मला सांगायचं आहे ते दुसरंच.

गोंदिया आपल्या भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी या घरात आले. मी दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिणारी, जातीचीच चिडखोर. किक बसली की टर्रर्र करून उठायचं आणि सुटायचं, एवढंच मला ठाऊक. कैलाश तेव्हा ऐन विशीत होता. मला त्यानं अंगणात उभं केलं आणि त्याची आई बेबीबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं माझ्या दिव्याला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला आणि चक्क मला हात जोडले.

"माय, गाडीले कायले हात जोडतं?" कैलाश हसला.

"माह्या लेकराले पाठीवर घेणार आहे ते. तिले नाही जोडू तं कोणाले जोडू?"

मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

बेबीबाईचं सारं जगणंच नेमाचं होतं. सोमवार कधी मोडला नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट नाही. आणि एक नेम तिच्या सासूकडून आलेला: देवाच्या वाटेला निघालं की वाटेतला देव ओलांडायचा नाही. झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड असो की गावाबाहेरची मातामाय, थांबायचं, दोन्ही हात जोडायचे, मग पुढं व्हायचं. पायी जायची तेव्हा हा नेम सोपा होता. गायमुखच्या महादेवाला ती दरवर्षी अशीच, थांबत थांबत जायची.

कैलाशला मात्र थांबणं ठाऊक नव्हतं. त्याचा दोस्त धनीराम आणि तो, दोघांना वेगाचा नाद लागला होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की आंधळगाव ते मोहाडी कोण आधी पोचतो यावर पैजा लागत. मी पुढं निघाले की पोरं ओरडायची, "उडून राहिली ना बे!" खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. स्तुती कोणाला आवडत नाही?

एका महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कैलाश आईला म्हणाला, "यंदा पायी कायले जातं माय? गाडीवर चाल. गेलो का आलो."

"हळू चालवशीन ना गा?"

"हो माय, हळूच."

बेबीबाई माझ्यावर बसली. एका हातात बेलाची पिशवी, दुसऱ्या हातानं कैलाशचा खांदा घट्ट धरलेला. पहिल्या मारुतीपाशी कैलाश थांबला. दुसऱ्या देवापाशी नुसता हळू झाला. तेवढ्यात मागून धनीराम आला आणि ओरडला, "म्हातारी झाली काय बे तुही गाडी?" झालं. कैलाशनं मूठ पिळली.

पुढं निंबाखाली मातामायचा ओटा दिसू लागला.

"थांब गा, मातामाय आली," बेबीबाई म्हणाली.

"येतावेळी थांबू, माय."

"अरे, देव ओलांडू नाही..."

मी भरधाव होते. तिनं नेम मोडला नाही. पिशवी मांडीवर ठेवली, कैलाशचा खांदा सोडला आणि मातामायकडं वळून दोन्ही हात जोडले. तेवढ्यात रस्त्यावर खड्डा आला.

मागचा भार हलका झाला हे आधी मला कळलं, कैलाशला नाही. मी कशी सांगणार? मला तोंड नाही. धनीरामला मागं टाकल्याच्या आनंदात तो कितीतरी पुढं गेला, आणि मग हसत म्हणाला, "पाह्यलं का माय, कसं सोडलं त्याले?" उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं.

तिचा खुबा मोडला होता. बेल सारा रस्त्यावर विखुरला होता. दवाखान्यात कैलाश रडत, चिडत विचारत राहिला, "हात काहून सोडला, माय? हात काहून सोडला?"

ती एवढंच म्हणाली, "देवापुढं एका हातानं कसं जोडू, बापा?"

तिनं त्याला कधी बोल लावला नाही. मलासुद्धा नाही. काठी आली, चाल लंगडी झाली, पायी गायमुख संपलं. दसऱ्याला ती लंगडत यायची आणि मला कुंकू लावायची. सोमवारी ओसरीवर बसून सुनेला, गुंजनला, सांगायची, "एकडाव मले हळूहळू नेलं पाहिजे गायमुखले. वाटेतल्या साऱ्या देवाईले हात जोडत. मंग मी मेली तरी चालते."

कैलाश म्हणायचा, "नेतो ना माय. धान निघू दे." धान निघायचं. मग म्हणायचा, "मंडई होऊ दे." मंडई व्हायची. मला वाटतं, त्याला ती जागा पुन्हा बघवत नव्हती. तो त्या रस्त्यानं जायचा तेव्हा आणखीच जोरात जायचा.

मित्रांनो, माणसाचा नाद वयाबरोबर बदलतो. धनीरामचं पोट सुटलं. त्यानं मोठी, जड, धडधड वाजणारी गाडी घेतली, तिच्यावर आरामात मागं रेलून तो बैलगाडीच्या चालीनं यायचा.

"काय भाऊ, स्पीड कुठं गेली?" कैलाशनं टोमणा मारला.

"पोटाच्या आड हँडल दिसत नाही, स्पीड कायची करतो!" धनीराम हसला. "खरं सांगू? इतके वर्सं पळवली, पण रस्त्यानं काय आहे ते पाह्यलंच नाही. आता मजेनं जायचं. गाडीची खरी मजा हळू चालवण्यात आहे गा."

मग रविवारी दोघं निघू लागले. तळ्याच्या पाळीवर गाड्या उभ्या करायच्या, आलुबोंडा खायचा, कमळं बघायची, पाण्यात उतरणारे पक्षी बघायचे. कैलाशही बदलला. मला हळू चालायची सवय नव्हती. माझा धूर आतच कोंडायचा, प्लग काळा पडायचा. तो उतरून प्लग पुसायचा आणि पुन्हा सावकाश निघायचा. वाऱ्यात धानाचा वास असतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

पण ओसरीवर बेबीबाईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चहा घेतलेला विसरली. मग वार विसरली. सोमवार कोणता ते गुंजनला विचारू लागली. नेम तेवढा हातांना पाठ होता. दारावरून पोथीवाला जावो की पोस्टमन, ती हात जोडायची.

एका रविवारी कैलाश तळ्यावरून येऊन पक्ष्यांचं कौतुक सांगू लागला. गुंजन भाकरी थापता थापता थांबली. "तुम्ही बगळे पाहाले मजेनं जाता. घरची म्हातारी गायमुखची वाट पाहून राहिली, ते नाही दिसत?"

दुसऱ्या दिवशी माघातला सोमवार होता. कैलाशनं मला धुतलं. गुंजननं आपल्या जुन्या लुगड्यानं बेबीबाईला त्याच्या पाठीशी बांधलं, दोन्ही हात मोकळे राहतील असं. "आता धराचं काम नाही, आत्याबाई. तुम्ही खुशाल हात जोडा."

मी त्या दिवशी जितकी हळू चालले, तितकी आयुष्यात कधी चालले नव्हते. धान निघालेल्या बांधीबांधीतून लाखोरीचं पीक निळं फुललं होतं. मारुती आला, थांबलो. शेंदऱ्या दगड आला, थांबलो. दोनदा माझा प्लग काळा झाला; कैलाशनं लुगडं सोडून, आईला उतरवून तो कुरकूर न करता पुसला. बेबीबाई प्रत्येक देवाला हात जोडत होती आणि तिचा चेहरा असा उजळत होता, की मला वाटलं, झालं, फिटलं सारं.

मातामायपाशी त्यानं मला बंद केलं. बेबीबाईनं खूप वेळ हात जोडले. मग त्याच्या पाठीवर हलकेच थोपटून म्हणाली, "भाऊ, तुम्ही कोण्या गावचे गा? लय भले आहात. देवापाशी थांबता."

कैलाश मान वळवून म्हणाला, "माय, मी कैलाश."

ती खुदकन हसली. "चाल! माहा कैलाश असता तं कवाचा पोचला असता."

"नाही माय, मीच. मीच आहो."

"त्याले नका सांगजा तुमच्यासंगं आली म्हणून. रुसन तो. तो नेणार आहे मले गायमुखले, हळूहळू. धान निघालं का."

कैलाशनं कपाळ माझ्या हँडलवर टेकलं. ती त्याला मागून समजावत राहिली, "रडता कायले, भाऊ? तुमची माय नाही का?"

महादेवाचं दर्शन झालं. त्यानंतरही तो तिला नेत राहिला, प्रत्येक देवापाशी थांबत, प्रत्येक वेळी आपलं नाव सांगत. तिला एकदाही ते पटलं नाही. घरी आली की ती ओसरीवर बसून दाराकडं बघायची, आपला मुलगा न्यायला येईल म्हणून. जेठ महिन्यात गेली ती तशीच, वाट बघत. कैलाश उशाशीच बसला होता.

मित्रांनो, गाडी जोरात चालवू नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतात. मी निराळं मागते. हळू जाण्यातली गोडी तुम्हालाही कळेल, सगळ्यांना कळते. पण तुमच्या घरात जे कोणी आज तुमच्या मागं बसून "थांब गा" म्हणत असेल, त्याच्यासाठी आजच थांबा, तो तुम्हाला नावानं हाक मारतो आहे तोवर. माय गेल्यापासून कैलाशनं मला किक मारलेली नाही. धनीराम रविवारी बोलवायला येतो, दारात त्याची गाडी धडधडत उभी राहते. कैलाश आतूनच सांगतो, "तू जा गा. मले कुठंच जायचं नाही."