खिडकीबाईंचा भाव

पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीमागे खिडकीबाईंचं अर्धं आयुष्य गेलं. नळ कोरडा पडलेला माणूस काय काय बोलतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्यानं नशिबाचे आभार मानावेत. बाईंची रीत एकच. समोरचा रिकामा होईस्तोवर आपण तोंड उघडायचं नाही. माणूस लालबुंद होऊन यायचा, ओरडायचा, मग बाईंच्या त्या गप्प बसण्यानं अडखळायचा आणि शेवटी आपलीच चूक कबूल करून जायचा. एकदा एक पैलवान बाह्या सरसावून आला आणि शेजाऱ्याच्या नळाला आपणच चोरून नळी जोडतो, हे हुंदके देत सांगून गेला. खोटं वाटत असेल तर पैलवानाला विचारा. तो अजून त्या रस्त्यानं जात नाही.

मग खात्यानं तक्रारी ऐकणारं यंत्र घेतलं. संगणकात बसून फोनवर गोड गोड बोलणारं. बाईंच्या खिडकीला फळी ठोकली. तर सत्तेचाळिशीतल्या या बाईनं काय करावं? यंत्र विकणाऱ्या कंपनीतच विक्रीची नोकरी धरली!

"अगं, लांडग्यानं शेळी खाल्ली, आणि तू त्याच्याच घरी चाकरीला?" नवरा म्हणाला.

"त्याची भूक मी जवळून पाहिलीय. विकायला तेवढं पुरे."

नणंदेनं नाक मुरडलं. तिचं शिवणाचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. "वहिनी, तीन महिन्यांत हाकलतील तुला. माझ्याकडे बटणं लावायची जागा मोकळीच ठेवलीय हो!" एवढ्यावर थांबेल ती नणंद कसली? साऱ्या गोतावळ्यात तिनं दवंडी पिटली. तिच्या दुकानातल्या कपाटाचं दार लागत नसे. खुर्ची टेकवून ते बंद ठेवावं लागे, आणि खुर्ची सरकली की तेही बाईंच्याच पायगुणानं. तिथं बटणं लावण्यापेक्षा सुई गिळलेली बरी, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं.

कंपनीतही कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. वरचा साहेब बाईंच्या भाच्याच्या वयाचा. त्याच्या तोंडाची टकळी झोपेतही चालायची, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत. बाईंच्या खुर्चीवर त्याला स्वतःची मेहुणी बसवायची होती. त्यामुळे चारचौघांत "काय काकू, माउस चावत नाही ना?" हे रोजचंच. "बोलणाऱ्याची माती खपते काकू, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तुमचं तर सोनंही नाही!"

तीन महिन्यांत एक तरी यंत्र विकायचं, नाहीतर घरी जायचं, अशी अट होती. शेवटच्या आठवड्यात पोपटानं बाईंना नकोबांकडे धाडलं. नकोबा कपाटांचे कारखानदार. जन्मल्या जन्मल्या पहिला शब्द 'नको' म्हणाले आणि सुईणीला परत पाठवलं, अशी त्यांची ख्याती. मजा बघायला पोपट स्वतः बरोबर गेला.

नकोबांच्या खोलीत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. टेबलावरचा फोन अखंड कोकलत होता आणि कुणी उचलत नव्हतं. बाईंनी यंत्र चालवून दाखवलं, भाव सांगितला, आणि सवयीनं हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या.

नकोबाही गप्प. तेही मुरलेलेच.

काय सांगू ती शांतता! आधी पंखा ओशाळून थांबला. मग फोन दबकला. भिंतीवरची पाल मान खाली घालून निघून गेली. टेबलाच्या पायाला कोवळी पालवी फुटली म्हणतात. मी काही पाहिली नाही, पण सुताराला छाटावी लागली, हे खरं.

पोपटाच्या मात्र घशात किडे वळवळायला लागले. "साहेब, भावात थोडं इकडेतिकडे होईल," तो म्हणाला.

कुणी बोललं नाही.

"बरं, निम्म्यात देऊ."

शांतता.

"पहिलं वर्ष फुकट! बसवणं फुकट! आणि बसेपर्यंत... बसेपर्यंत मी स्वतः इथं बसून तुमचे फोन घेईन!"

बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. या गाढवानं आपल्या हातातली विक्री मातीत घातली, आता बटणं! तरी त्यांनी ओठ उघडले नाहीत.

नकोबा खुर्चीत रेलले. "मी माझं कपाट स्वस्तात कधी काढतो, ठाऊक आहे? दार लागत नसलं की. तुझ्या भावाचं यंत्र मला नको. बाईंच्या भावाचं घेतो. त्या आपल्या भावावरून हलल्या नाहीत."

"थँक्यू सर! मीच यांना तयार केलंय—"

"थांब. बसेपर्यंत फोन तू घेणार म्हणालास ना? तेवढं मात्र घेतलं."

पोपट बाईंकडे वळला. पहिल्यांदाच "मॅडम" म्हणाला. "मॅडम, तुम्ही तरी काही बोला!"

त्या पैलवानाकडे पाहिलं होतं, तसंच बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "फोन उचलायचा, आणि समोरचा रिकामा होईस्तोवर गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही जमणार."

संध्याकाळी त्या थेट नणंदेच्या दुकानात गेल्या. "वन्सं, बटणांना दुसरी कोणी बघा." जाता जाता कपाटाला टेकवलेली खुर्ची बाजूला घेतली. दार करकरत उघडलं आणि सगळी कापडं नणंदेच्या अंगावर. "आणि हे नकोबांचंच ना कपाट? उद्या फोन करा. नवा माणूस बसवलाय. फार बोलका आहे."

सकाळी नणंदेनं फोन केला. इकडून ती, तिकडून पोपट, आणि दोघांनाही गप्प बसणं शिकवलेलं नाही. यंत्र बसवणारे येऊन दारात उभे आहेत. फोन मोकळा होईल तेव्हा बसवतील.