एकच्या घरातले तीनचे भिंग

मित्रांनो, मी एक जुनी भिंगांची पेटी आहे. डोळ्यांचा नंबर काढताना नाकावर जड गोल चौकट चढवतात आणि तिच्यात एकामागून एक भिंगे सरकवतात ना, ती भिंगे माझ्या पोटात राहतात. खरे सांगू का, मी आता थकले आहे. एकवीस वर्षे झाली. बिजागरी कुरकुरते, आतली निळी मखमल विरली आहे आणि गावोगावच्या डोळ्यांच्या शिबिरांना जाताना जीपच्या सीटखाली आदळून आदळून माझे कोपरे गेले आहेत.

कारखान्यात मला घडवले तेव्हा प्रत्येक जोडीला स्वतःचे घर दिले. घरासमोर नंबर, आणि भिंगाच्या इवल्याशा दांडीवरही तोच नंबर कोरलेला. नांदेडच्या दवाखान्यात माझा फार मान होता. मोठे डॉक्टर म्हणायचे, "पेटी म्हणेल तेच खरं." ते ऐकून मला बरे वाटायचे. नंबर काढणारे व्यंकटराव माझ्याबरोबरच म्हातारे झाले. त्यांचा हात माझ्यात न बघताच फिरतो. दांडीवरचा नंबर वाचणे त्यांनी केव्हाच सोडून दिले. माझी भिंगे पुसायचे मऊ फडके तर हल्ली कुणाच्या तरी डब्याला गुंडाळलेले असते.

गेल्या वर्षी एक नवे यंत्र आले. हातात मावणारे, डोळ्यासमोर धरले की क्षणात नंबर सांगणारे. ते खरे बोलते का, हे आधी तपासायचे ठरले. यंत्र दवाखान्यातल्या गीतांजली मॅडम धरणार, मला व्यंकटराव चालवणार. दोघांनी आपापल्या कागदावर आकडे लिहायचे, एकमेकांना दाखवायचे नाहीत. फरक निघाला तर माझा आकडा खरा, आणि चष्माही माझ्याच आकड्याने बनणार. मी मनात म्हटले, होऊ दे बाबा हे पास, म्हणजे मी सुटेन.

शिरूर अनंतपाळच्या शिबिरात आवराआवर करताना टेबल कलले आणि मी उताणी पडले. भिंगे फरशीवर पसरली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. व्यंकटरावांनी भराभर भिंगे गोळा केली, अंदाजाने घरात बसवली आणि झाकण लावले. एकच्या घरात तीनची जोडी गेली आणि तीनच्या घरात एकची. मला कळत होते, पण सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी धर्माबादला शिबिर होते. तिथे चतुराबाई आल्या. वय अडतीस, काम मिरचीच्या गोदामात देठ खुडण्याचे, बोटे लालभडक.

"मुकादम म्हणून राहिला, तुझ्या ढिगात सडकी मिरची राहते. डोळे दाखव, न्हाई तर कामाला येऊ नको. तेवढं बगा, साहेब."

यंत्राने तीन नंबर सांगितला. व्यंकटरावांनी माझ्या एकच्या घरातली जोडी चढवली, आणि चतुराबाईंचा चेहराच बदलला. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी खुणांच्या दिशा बोटाने बरोबर दाखवल्या. त्यांना दिसले तीनच्या भिंगातून, कागदावर लिहिला गेला एक.

संध्याकाळी दोन्ही कागद जुळवले तेव्हा यंत्राच्या नावापुढे 'चूक' असा शेरा पडला.

"मिरचीनं डोळ्याला पाणी आलं असंल. फसलं तुमचं यंत्र," व्यंकटराव म्हणाले.

तीन आठवड्यांनी चष्मे वाटायला आम्ही पुन्हा धर्माबादला गेलो. चतुराबाईंनी चष्मा घातला, काढला, पदराने पुसून पुन्हा घातला.

"न्हाई दिसून राहिलं, साहेब."

"नवा चष्मा हाय, बाई. चार दिवस लावा, सवय होईल."

"सवय कशाची? त्या दिशी लई साफ दिसलं व्हतं. तेच भिंग घाला की मला."

व्यंकटराव वैतागले. मॅडमनी मात्र एकच्या घरातली जोडी काढून चौकटीत बसवली.

"हाव, हेच," चतुराबाई म्हणाल्या.

मॅडमनी ते भिंग खिडकीशी नेले आणि दांडीवरचा नंबर वाचला. मग ते व्यंकटरावांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी वाचले आणि तीनच्या घरातली जोडी काढून तिचीही दांडी वाचली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मानाची लाज वाटली.

यंत्रापुढचा शेरा खोडला गेला. आठवड्यात चतुराबाईंना खरा चष्मा मिळाला. पण तोवर मुकादमाने त्यांच्या जागी दुसरी बाई लावली होती आणि त्यांना पुढच्या हंगामाला ये म्हणून सांगितले होते. हे सांगायला त्या आल्या, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "चष्मा चांगला हाय, समदं दिसतंय." चार शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते.

आता व्यंकटराव प्रत्येक दांडी वाचून मगच भिंग घरात ठेवतात. तुम्हीही कुठलीही वस्तू जागेवर ठेवताना एकदा बघत जा. जुन्यावर विश्वास ठेवा, पण त्यालाही तपासा.

त्या तीन आठवड्यांत माझ्या त्या दोन घरांतून आणखी सात जणांचे नंबर निघाले होते. पाच जणांना बोलावून चष्मे बदलून दिले. दोघे सापडले नाहीत. त्यांच्यातली एक बाई अर्धापूरकडे केळीच्या कामाला गेली म्हणतात, दुसऱ्याचा फोन लागत नाही. ते दोघे तक्रार करायला आलेच नाहीत. त्यांना वाटत असेल, आपल्याला आता एवढेच दिसायचे. मित्रांनो, चष्मा लावूनही डोळे बारीक करून बघणारे कुणी तुम्हाला भेटले, तर त्यांना सांगा, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, परत या.