भाताची चिठ्ठी

२००५ च्या उन्हाळ्यात मयुरीला पुण्याला संशोधनाची जागा मिळाली. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ भैय्याजी, हिंगणघाटला कापडाचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "जे शिकाले चालली ते मले समजलं, तरच जा."

पोरगी दोन दिवस दुकानात बसून त्याला समजावत होती, मीही तिथेच होते. पेशीच्या केंद्रातून आरएनएची चिठ्ठी निघते, तिच्यावरून प्रथिन तयार होतं. काही आरएनए मात्र अगदी आखूड. त्यांच्यावरून काहीच बनत नाही.

"काहीच बनत नाई, तं त्याच्यापायी पाच वर्षं?"

मयुरीचे डोळे भरले. "बाबा, ते चिठ्ठ्या थांबवते."

तो पुन्हा पेपरात शिरला. मग मला बोलणं भाग पडलं, आणि वर्षभर पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढावी लागली.

"तुह्या थोरल्या पोरीच्या, सपनाच्या लग्नात तू मांडवातून आचाऱ्याले चिठ्ठ्या पाठवत होता. अजून दहा किलो भात, अजून दहा किलो भात."

"पाव्हणे उपाशी जातीन म्हून."

"त्या मी थांबवल्या."

पेपर खाली आला.

चिठ्ठ्या माझ्या हातूनच आचाऱ्याकडे जायच्या. उरलेल्या लग्नपत्रिकेची लांब पट्टी मी दुमडायची आणि कात्रीने बोटभर तुकडे करायची. तुकड्यावर 'भात' लिहून तो भाताच्याच चिठ्ठीला टाचायची. आचारी रूपरावाशी ठरलं होतं, तुकडा टाचलेली चिठ्ठी रांधायची नाही. जिलेबीच्या चिठ्ठीला मी हात लावला नाही. शेवटी समुद्रपूरची बस भरून माणसं उतरली, तेव्हा तुकडे कापणंच बंद केलं.

मयुरी उठून उभी राहिली. "आत्या, असंच. आरएनएचा लांब धागा स्वतःवरच दुमडते, केसाच्या आकड्यावानी. मग कातरून बावीसेक अक्षरांचा तुकडा होते. तो ज्या चिठ्ठीशी जुळते, तीच थांबते. तुकडे कवा अन् किती कापाचे, तेही पेशीच ठरवते."

"अन् नाई थांबवली तं?"

"तं नको ते रांधून होते, बाबा. त्यातूनच काही आजार होते."

भैय्याजी माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे रूपराव मले हो मालक म्हणे, अन् ऐके तुह्यं?"

"भात उरला?"

"नाई."

"कमी पडला?"

"नाई," म्हणता म्हणता त्याला हसू फुटलं. इतकं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग बिलबुकातला कोरा कागद फाडून त्याने लिहिलं, 'मयुरी पुण्याले जाईन.' कागद तिच्या हातात दिला आणि माझ्यापुढे पडलेली कापड कापायची कात्री आपल्याकडे ओढून घेतली.

"बाई, हिले काही टाचू नको."