यानातल्या उलट्या खुर्च्या

संगीताला ते यान मेंढरांमागं हिंडताना सुचलं होतं. बिभीषण धनगराची ही पोर तेलगावच्या शाळेत चौथीत होती. पाण्यानं भरलेला कडीचा डबा डोक्यावरून गरागरा फिरवला तरी थेंब सांडत नाही, हे तिनं कितीदा करून पाहिलं होतं. मग अख्खं यानच तसं फिरवलं, तर आतली माणसं अधांतरी तरंगायची नाहीत, कडेला पाय टेकून बसतील. म्हणून तिनं चाकासारखं यान काढलं आणि आतल्या कडेनं चौफेर खुर्च्या.

जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांसाठी अंतराळयानाची स्पर्धा निघाली, तेव्हा तो कागद तिनं सुंदरराव गुरुजींना दिला. दुसऱ्या दिवशी तोच कागद तिला मन्मथप्पांच्या दुकानात टीव्हीच्या खोक्यावर पसरलेला दिसला. गावात नुकतीच केबल आली होती आणि मन्मथप्पांचे रंगीत टीव्ही धडाधड खपत होते. खोक्यांतलं थर्माकोल कापून कारागिरानं झकास यान बनवलं. वर चंदेरी कागद डकवला. नाव घातलं मन्मथप्पांच्या पोराचं, केदारनाथचं.

"गुरुजी, ते माझं हाय," संगीता म्हणाली.

"तुझ्या घरी कोण बनवून देणार हाय? शाळेचं नाव व्हायला पायजे का न्हाई? तू बी चल बीडला. केदारच्या शेजारी उभी राहा. अडला तर हळूच सांग त्याला."

ती रडली नाही. "भाकर कावून खाईना गं?" असं आईनं, सारजाबाईनं, विचारलं तेव्हाही नाही. आतून मात्र नुसती धुमसत होती. केदारला ती रोज यान समजावून सांगायची. दार कुठं, इंधन कुठं, सगळं खरं. खुर्च्यांचं तेवढं तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

बीडला सगळे मन्मथप्पांच्या जीपमधून गेले. "नंबर आला की तसंच कपिलधारला दर्शनाला जाऊ," मन्मथप्पा वाटभर सांगत होते.

सभागृह पोरांनी आणि पालकांनी गच्च भरलं होतं. केदार पोपटासारखा बोलला. टाळ्या पडल्या. परीक्षक वाकून आत बघू लागले.

"बाळ, वरच्या या खुर्च्या उलट्या का?"

केदारनं संगीताकडं पाहिलं. ती त्याच्या कानाशी लागली. "आतली माणसं वटवाघळावानी उलटी लटकून झोपतेत."

"आतली माणसं वटवाघळावानी उलटी लटकून झोपतेत!" केदार खणखणीत आवाजात म्हणाला.

सगळं सभागृह खदखदून हसलं. मन्मथप्पा रुमालानं तोंड पुसत राहिले. गुरुजींनी मान खाली घातली. संगीताला वाटलं, आणखी हसा. पोट दुखेपर्यंत हसा.

"बिनडोक यान आहे," परीक्षक हसत हसत म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं वळले.

ते मात्र तिच्या वर्मी लागलं. यान बिनडोक नव्हतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य तिनं मन्मथप्पांच्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघत गिळून टाकलं.

परतताना कपिलधारचं नाव कुणी काढलं नाही. बऱ्याच वेळानं गुरुजी मागं वळले. "चुकलंच माझं, संगे. पुढल्या वर्षी तुझ्याच नावानं पाठवतो."

"पुढल्या वर्षी मी पाचवीत, गुरुजी. मोठ्या शाळेत."

केदार मुसमुसत होता.

"तू खरं सांगितलं असतंस तर आपला नंबर आला असता," तो म्हणाला.

"आपला न्हाई. तुझा."

मग तो मोठ्यानं रडायला लागला. "गप रे," मन्मथप्पा खेकसले. संगीतानं खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्यावर तोंड धरून गाव येईपर्यंत मजेत बसून राहिली.