मी काठी, मारायची नव्हे

मी काठी बोलतेय. दचकू नका, आजवर मी कुणाच्या पाठीत बसलेली नाही.

सुताराने उरलेल्या सागातून मला तासलं, मूठ गुळगुळीत केली, खाली रबरी टोपी चढवली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या या घरच्या सासूबाई, खुबा मोडल्यापासून लेकीकडे पडलेल्या. मोडला कुणी? इथल्याच नऊ महिन्यांच्या कुत्र्याने, गडबड्याने. मनात पाप नाही, पण माणूस दिसलं की दोन्ही पंजे थेट छातीवर. असाच प्रेमाने उडाला आणि सासूबाई दारातच आडव्या झाल्या.

मी दाराशी टेकून होते तेव्हा त्या लेकीचा, म्हणजे सूनबाईच्या नणंदेचा, फोन आला. फोनमधला तिचा आवाज घरभर ऐकू येत होता. "पुन्हा पडली तर आई उठायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. महिन्याने आणते तिला. तुझं कुत्रं एकदा जरी उडालं, तर त्याच गाडीतून त्याला घालवीन."

"घालवून तर बघा!" सूनबाई म्हणाली. फोन ठेवला आणि मग मटकन खाली बसली.

सूनबाई घरी कपडे शिवते. दुसऱ्या दिवसापासून मशीन थांबवून ती मला घेऊन बाहेर जायची आणि सासूबाईंसारखी लंगडत आत यायची. गडबड्या उडाला की पाठ फिरवायची. ओरडणं नाही, ढकलणं नाही, बघणंसुद्धा नाही. चारही पाय जमिनीला लागले की बिस्किटाचा तुकडा. दिवसातून वीसवीसदा.

शेजारीण हसली. "अगं, हातात काठी आहे ना? दे की एक ठेवून!"

"तुम्हाला देऊ का आधी?"

पण गडबड्या सकाळी शहाणा, संध्याकाळी पुन्हा तोच. सूनबाई रडकुंडीला आली. एकदा तिने नवऱ्याचा सदरा धुवायला घेतला, तर छातीवर दोन मातकट पंजे!

"हे काय?"

"मागच्या दाराने येतो ना मी," नवरा पुटपुटला. "दिवसभर बस चालवून आलं की तेवढाच एक धावत येतो माझ्याकडे."

"तुमच्या लाडापायीच जाईल तो! तुमच्या छातीवर चालतं, आईंच्या नाही, हे त्या मुक्याला कुणी सांगायचं?"

त्या दिवसापासून तोही पुढच्या दाराने येऊन पाठ फिरवू लागला. पाठ कुत्र्याकडे, तोंड माझ्याकडे. ते तोंड बघवत नसे.

महिना भरला. गाडी आली. सासूबाईंनी मला पहिल्यांदा धरलं. सगळा भार माझ्यावर टाकला. उंबरा ओलांडला आणि आतून गडबड्या सुसाट आला.

"धरा त्याला!" नणंद किंचाळली.

सासूबाई थिजल्या. गडबड्याचे पुढचे पाय वीतभर उचलले गेले. सूनबाई आणि नवरा, दोघांनी सवयीने गर्रकन पाठ फिरवली. मी जमीन घट्ट धरली. पाय उचललेले... आणि खाली आले. गडबड्या बसला. अंगभर कापत, शेपटीने फरशी झाडत.

"उडाला! मी पाहिलं!" नणंद म्हणाली.

"उडाला कुठे? उडायचा नुसता विचार केला," सासूबाई म्हणाल्या. "एवढी सूट तुलाही देत आलेय मी. आणि ही दोघं भिंतीकडे काय बघतायत गं?"

आता माझी टोपी झिजलीय. मुठीवर दोन दातांच्या खुणा आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही. नवरा घरी आला की आधी जमिनीवर बसतो, मग कुणाला उडावंच लागत नाही.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर मला जरूर उचला. पण टेकायला.